दोन तासांची दिल्ली

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, पेन्शनीत निघालेल्या दोस्तांना तर नाहीच नाही — त्यांच्या पोटात भजीसुद्धा टिकत नाही, गोष्ट काय टिकणार? तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. उद्या वाशीच्या बस डेपोवर समोरून आलात तरी मी खाली मान घालून निघून जाईन, आणि तुम्हाला कळणारसुद्धा नाही की हाच तो विमानवाला तांबे.

हो, विमानवाला. आमच्या सेक्टरात जुन्या लोकांना विचारा, तांबे म्हटलं तर विचारतील, कुठला? विमानवाला म्हटलं की बोट करतील आमच्या बिल्डिंगकडे. चाळीस वर्षं हे नाव मिरवतोय मी. कोणाच्या घरी कोणी विमानाने जाणार असलं की आधी माझ्याकडे येणार — कान दुखतात का हो, उलटी होते का, दिल्लीला किती वेळ लागतो? आणि मी खुर्चीत मागे टेकून सांगणार, दोन तास. फक्त दोन तास.

थांबा, असं एकदम नको. जरा मागून येतो.

वाशी तेव्हा आत्ताची वाशी नव्हती. चार मजली सरकारी बिल्डिंगा, मधे मोकळे प्लॉट, पलीकडे खाडी, आणि रस्ते एवढे रुंद की ओलांडताना वाटेत बसावंसं वाटायचं. मी तुर्भ्याच्या एका पंपांच्या कारखान्यात फिटर. लग्न झालं, घर लागलं, आणि गोदीतून रिटायर झालेले माझे वडील — आम्ही त्यांना आबा म्हणायचो — महाडकडचं गाव सोडून आमच्याकडे राहायला आले. आले, पण रमेनात. चार भिंतींत त्यांचा जीव गुदमरायचा. मग एक दिवस गळ घेऊन खाडीवर गेले, आणि तिथे त्यांना म्हात्रेबाबा भेटले.

म्हात्रेबाबा वाशीगावातले, अस्सल आगरी. आमची बिल्डिंग उभी होती ती जमीन त्यांची. म्हणजे आता सरकारची, पण बाबांना कोण सांगणार? पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा सगळं घर फिरून पाहिलं, संडासाचं दार उघडलं आणि म्हणाले, "यो तुजा संडास हाय ना, आतच माजा सगल्यात चांगला खाचर व्हता. कोलम पिकायचा!" त्यानंतर महिनाभर मला तिथे जाताना अपराधी वाटायचं.

आबांचा गळ कसा चुकीचा बांधलाय यावरून दोघांचं पहिलं भांडण झालं, आणि त्यातूनच मैत्री. म्हात्रेबाबांना जगातलं सगळं कळायचं. खाडीपूल वर्षात पडणार, हे त्यांनी सांगितलेलं. कांदाबटाट्याचा बाजार मुंबई सोडून इकडे कधी येणारच नाही, हेही त्यांनीच. पूल पडला नाही, बाजार आला. तरी बाबांचा आवाज एक सूत खाली आला नाही. संध्याकाळी दोघं आमच्या गच्चीवर बसायचे. मंदा — माझी बायको — किटलीभर चहा वर पाठवायची. आणि डोक्यावरून विमानं जायची.

विमानांवर दोघांचा फार जीव. हे मद्रासचं, ते दिल्लीचं, ते अरबांकडचं — सगळं अंदाजपंचे. एकदा आबांनी मला विचारलं, दिल्ली किती लांब रे? मी म्हटलं, रेल्वेने चौदाशे किलोमीटर. आबांचा चेहरा कोरा. किलोमीटर म्हणजे काय, ते कुठे मोजले त्यांनी? मग मी म्हटलं, विमानाने दोन तास. तर आबा चहाचा ग्लास खाली ठेवून हसत सुटले. "दोन तासांत आपली एसटी वडखळला पोचते! म्हणजे दिल्ली महाडच्या अलीकडे आली की रे!" आमच्याकडे लांबी अशीच मोजायची — एसटीत किती वेळ पाय आखडतात त्यावर. त्या हिशोबाने दिल्ली आबांना एकदम शेजारची वाटायला लागली. गावाला पुढच्या खेपेला गेले तेव्हा सगळ्यांना सांगून आले.

आता बघा हं, इथून माझं सुरू होतं.

कारखान्याने दिल्लीच्या प्रदर्शनात पंप ठेवला होता. पंप ट्रकने आधीच गेला. तो जोडून चालू करून दाखवायला जाणार होते आमचे इंजिनिअर साहेब, विमानाने. त्यांना ऐन वेळी कावीळ झाली. पंप उघडून परत बसवता येणारा दुसरा माणूस मी. मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि विमानाचं तिकीट माझ्या हातात ठेवलं. शनिवारी जायचं, सोमवारी प्रदर्शन. परतीला रेल्वे — जाताना घाई, येताना कसली?

घरी सांगितलं आणि घराचा लग्नमांडव झाला. आमच्या सबंध सेक्टरात तोवर विमानात कोणी पाय ठेवला नव्हता. सफारी शिवला, राखाडी. मंदाने बॅगेत लिंबू टाकलं, कानाला कापूस टाकला, आणि वरून चकल्यांचा डबा. आता दोन तासांत किती चकल्या खाणार माणूस? पण नाही कसं म्हणायचं? एक शेजारी येऊन सांगून गेले, पट्टा घट्ट बांधा. दुसरे सांगून गेले, खाली बघू नका. तिसऱ्याने जे सांगितलं ते मी इथे सांगत नाही.

पोचवायला किती जण आले असतील? त्या काळी विमानाने जाणाऱ्याला पोचवायला कुटुंबच्या कुटुंब जायची, गॅलरीचं तिकीट काढून हात हलवायची. आमच्या बुद्धविहारातली मंडळी, मंदाच्या माहेरची, खालचा इस्त्रीवाला — टॅक्सीत मावणार नाहीत म्हणून बाजारातला टेम्पो केला. टेम्पो कांद्याचा. सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, कोणाच्या मयताला चाललेत.

आबा मात्र आले नाहीत. त्यांचा गुडघा टेम्पोत चढू देत नव्हता. पण त्यांनी तोड काढली होती. "आपल्याच बिल्डिंगवरून तर जातं विमान," ते म्हणाले. "मी आणि म्हात्रे गच्चीवर लाल चादर धरून उभे राहतो. तू खिडकीतून बघ. बघशील ना?" लाल सोलापुरी चादर, आमच्या लग्नात आलेली. मी म्हटलं, बघेन.

आणि मी गेलो. सांताक्रूझच्या विमानतळात आत गेलो. पोलिसाने बॅगेतलं लिंबू दाबून पाहिलं, चकलीचा डबा हुंगला, सोडलं. काचेपाशी येऊन उभा राहिलो. समोर विमान.

तुम्हाला सांगतो, लांबून दिसतं ना, ते विमान वेगळं. जवळून तो कारखाना आहे. पत्र्यावर रिव्हेट मारलेला कारखाना. आता इतर लोकांचं बरं असतं, त्यांना वाटतं मोठ्या वस्तू देव बनवतो. मी फिटर. मला माहीत होतं ना, मशीन कसं बनतं! नट बसत नसला की आम्ही काय करायचो? हातोडीने दोन ठोके द्यायचो, वर खडूने 'ओके' लिहायचो, आणि चहाला जायचो. माझ्या मनात आलं, ह्या विमानाला किती नट असतील? आणि त्यांतले किती शनिवारी सुट्टीच्या आधी आवळलेत? माझी पाचावर धारण बसली.  आणि मग —

मग मी संडासात जाऊन बसलो.

हो. झालं सांगून. आतून कडी लावली आणि बसून राहिलो. स्पीकरवर माझं नाव पुकारलं, "मिस्टर टँबे, मिस्टर टँबे." एकदा, दोनदा. मी मनात म्हटलं, टँबे असेल कोणी तरी, मी तांबे आहे. इंजिनाचा आवाज वाढला, भिंत थरथरली, मग आवाज लांब गेला. मी चकली खाल्ली. खोटं कशाला बोलू, दोन खाल्ल्या.

बाहेर आलो तेव्हा आमची पलटण अजून तिथेच होती. मी खांबाआड. मंदा पदराने डोळे पुसत होती, इस्त्रीवाला आकाशाकडे बघून अजून हात हलवत होता. दहा पावलांवर मी उभा होतो. जाऊन सांगायला काय लागत होतं? 'अगं, भ्यालो गं.' पाच शब्दसुद्धा नाहीत. पण कांद्याचा टेम्पो करून आलेल्या माणसांना हे कसं सांगायचं, तुम्हीच सांगा. म्हणजे — नका सांगू. मला सांगता आलं नाही, एवढंच.

ते गेले. मी बॉम्बे सेंट्रल गाठलं. बिनरिझर्वेशनच्या डब्यात, संडासाशेजारीच (माझ्या नशिबात त्या दिवशी तेच होतं), बॅगेवर बसून दिल्लीला गेलो. रात्र गेली, दिवस गेला. रविवारी संध्याकाळी दिल्ली. सोमवारी पंप चालू. कारखान्यात कोणाला पत्ता नाही.

आठ दिवसांनी परत आलो. येताना ठरवलं होतं, हसत हसत सांगून टाकायचं, लोक चार दिवस चिडवतील, पाचव्या दिवशी विसरतील. दारात मंदा निरांजन घेऊन उभी. आणि काय म्हणाली? "विमानाच्या जिन्यावर चढताना तुम्ही वळून तीनदा हात केलात ना, माझं तर काळीजच हललं!" कोण होता तो राखाडी सफारीवाला, देव जाणे. त्याला गॅलरीतून एवढी माणसं हात करताना दिसली, भल्या माणसाने उलट हात केला. त्याचे उपकार मानू की त्याला शिव्या देऊ, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

मी चप्पल काढतोय तोच आबा पुढे आले. मागे म्हात्रेबाबा. आबांनी पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. "चादर दिसली का रे?"

त्यांचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही. सत्तरीच्या म्हाताऱ्याचं तोंड दहा वर्षांच्या पोरासारखं झालेलं. मी म्हटलं, "दिसली! लालभडक!"

आबांनी टाळी वाजवली आणि म्हात्रेबाबांकडे वळले. "काय म्हात्र्या? आता बोल!"

कारण काय झालं होतं — त्या शनिवारी गच्चीवर दोघांनी चादरीचं एकेक टोक धरलेलं. विमान आलं. आबा चादर हलवून हलवून घामाघूम. आणि विमान डोक्यावरून गेल्यावर म्हात्रेबाबा शांतपणे म्हणाले होते, "आबा, त्याची चाकां भायेर व्हती. त्या उतरत व्हता. जानारां इमान इकरशी जात नाय, दर्यावरशी जातां." आबा म्हणाले, शक्यच नाही. ठरलं, पोरगा आला की विचारू.

आणि पोराने सांगितलं, दिसली.

म्हात्रेबाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग बिनदिक्कत म्हणाले, "पोरगा खोटां बोलतं." आयुष्यात विमानात काय, टॅक्सीतसुद्धा दोनदाच बसलेला हा माणूस. पुलाच्या बाबतीत चुकला, बाजाराच्या बाबतीत चुकला, आणि नेमका ह्या एका गोष्टीत शंभर टक्के बरोबर! आबा ताडकन उसळले. त्यांना पोराला कोणी खोटारडा म्हटलेलं सहन होईना. "म्हात्र्या, माझ्या पोराला माझ्या घरात खोटं पाडतोस? तो बसून आला, तू खालून बघणारा!" म्हात्रेबाबा माझ्याकडेच बघत होते. अजून वेळ होती. एक शब्द बोललो असतो तर दोघं हसले असते, मला शिव्या घातल्या असत्या, आणि वर चहा गेला असता.

मी काय केलं? उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, "बाबा, विमान आधी खाडीवर एक गिरकी घेतं. उंची पकडायला. मग दिल्लीकडे वळतं."

गिरकी! कुठून आली ती गिरकी माझ्या डोक्यात? म्हात्रेबाबांनी चपला घातल्या आणि जिना उतरून गेले. किटली तशीच राहिली.

पुढच्या रविवारी विहारात माझा सत्कार झाला. हार घातला, एक पुस्तक दिलं, आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. मी पाऊण तास बोललो. ढग कसे कापसासारखे (कापूस बॅगेत होता, तेवढाच अनुभव), हवाईसुंदरी कशी नमस्कार करते, आणि ती गिरकी. गिरकीला टाळ्या पडल्या. आणि मग वाशीच्या पोराटोरांना खेळच मिळाला. म्हात्रेबाबा दिसले की चहाच्या टपरीवरून आवाज यायचा, "बाबा, चढतंय का उतरतंय?" सगळे हसायचे. मीही एकदा तिथे होतो. हसलो. हे सांगायला नको होतं, पण सांगायलाच बसलोय तर हेही घ्या.

सात वर्षं, हो. सात वर्षं त्या दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. गाव आणि सेक्टर यांच्यामध्ये एक रस्ता, हाक मारली तर ऐकू जाईल. आबा संध्याकाळी एकटे गच्चीवर बसायचे. मंदा सवयीने दोन ग्लास पाठवायची, एक तसाच परत यायचा. मध्ये म्हात्रेबाबांची बायको गेली, आणि लेक त्यांना आपल्या घरी घेऊन गेली, पनवेलच्या पलीकडे, करंजाड्याला. आमच्यामुळे गेले असं मी म्हणत नाही. पण टपरीवरचा तो आवाजही त्यांच्या कानात होता, हे मला माहीत आहे.

आणि मग, ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा, कारखान्याने मला पुन्हा दिल्लीला पाठवलं. जाता-येता विमान, आणि शेजारच्या खुर्चीत साक्षात साहेब. ह्या वेळी संडासात कुठे जाणार? गेलो. उडताना साहेबांचा हात घट्ट धरला. साहेब म्हणाले, "तांबे, तुम्ही तर अनुभवी ना?" मी म्हटलं, सवय मोडली साहेब.

विमान सरळ समुद्रावर गेलं. गिरकी नाही, काही नाही. खाली पाणीच पाणी.

येताना मी खिडकीला नाक लावून बसलो. खाडी आली, पूल आला, तिवरं आली, आणि पोटाखाली धडाड् करून काहीतरी उघडलं. मी ओरडलोच. साहेब म्हणाले, "चाकं आहेत हो, चाकं!" आणि खाली वाशी. बिल्डिंगा काडेपेटीएवढ्या. एका गच्चीवर टिकलीएवढा लाल ठिपका. दिसला — की दिसावासा वाटला? शपथेवर नाही सांगू शकत.

घरी आलो तर आबा गच्चीवरच. चादर पसरलेली, चारी कोपऱ्यांवर विटा. दुसरं टोक धरायला माणूस नव्हता ना.

"दिसली का?" आबांनी विचारलं.

"दिसली."

"ह्या वेळी जरा दम खाऊन बोललास," ते म्हणाले. "मागे विचारायच्या आत बोलला होतास." मग विटा उचलायला वाकले आणि वाकूनच म्हणाले, "सात वर्षं रोज बघतोय रे मी. एक विमान चढताना दिसलं नाही. सगळ्यांची चाकं बाहेर."

 मी विचारलं, मग तुम्ही बाबांना कधी...

"काय सांगू त्याला? माझा पोरगा खोटारडा आहे म्हणून?" आबा चिडलेसुद्धा नाहीत. "मला बरं वाटावं म्हणून बोललास, कळतं मला. पण ते तुझं तू सांग. करंजाड्याला जा, म्हात्र्याला सांग, चादर दिसली नव्हती. एवढंच सांग. मग मी जाईन त्याच्याकडे. माझे आता किती दिवस राहिले? तो नसला की चहा नरड्याखाली उतरत नाही."

बिचाऱ्या आबांना वाटत होतं की मी चादरीपुरतंच खोटं बोललो. विमानात बसलोच नव्हतो, हे त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आणि मीही ते आणून दिलं नाही.

गेलो करंजाड्याला. पनवेलपर्यंत बस, पुढे शेताच्या बांधावरून पायी. वाटेत वाक्य घोकत होतो — बाबा, तुमचं बरोबर होतं. बाबा, तुमचं बरोबर होतं. म्हात्रेबाबा ओटीवर बसले होते. वाळलेले, पण आवाज तोच. मला बघून घरादाराला हाका मारल्या. "आरं या, बगा कोन आयला! यो आमच्या आबाचा पोरगा, इमानान बसलेला!" जिताड्याचं कालवण, तांदळाची भाकरी, लेक वाढतेय, बाबा आग्रह करतायत. मी म्हटलं, जेवण झालं की सांगू. जेवण झालं. मी तोंड उघडलं. आणि त्याआधी तेच बोलायला लागले.

"माजाच चुकला रं पोरा," ते म्हणाले. "तू बसून आयलास, मी खालशी बगनारा. खालच्याला काय कलतां? मानसान येवरा हेका नाय धरावा. मना माफ कर."

त्यांचे डोळे भरले होते. आता तर सांगणं किती सोपं होतं! आणि मी काय बोललो असेन? ऐका, आणि मग माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू द्या. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ द्या हो बाबा. झालं गेलं."

मी त्यांना माफ केलं. मी! त्यांना!

घरी आलो. आबा दारातच. सांगितलंस? सांगितलं. काय म्हणाला? म्हटलं, "म्हणाले, झालं गेलं." माझंच वाक्य मी त्यांच्या तोंडी घातलं. आबा एवढे खूश झाले की रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

रविवारी त्यांना घेऊन गेलो. धुतलेला सदरा, टोपी, आणि काखेत ती लाल चादर, म्हात्र्याला द्यायला. पनवेलहून रिक्षा केली.  काय होणार हे मला दिसत होतं, तरी तोंड उघडेना. म्हात्रेबाबा ओटीवरून उठून अंगणात आले. दोघं म्हातारे एकमेकांसमोर उभे राहिले, आणि आबांनी पहिलंच वाक्य काय टाकलं? "म्हात्र्या, पोराने परवा तुला सगळं सांगितलं ना? तुझंच बरोबर होतं. त्याला चादर दिसलीच नव्हती. माझ्याकरता खोटं बोलला गाढव. मी उगाच तुला तोडून बोललो."

म्हात्रेबाबांनी माझ्याकडे पाहिलं. सात वर्षांपूर्वी बघत होते ना, तसंच. मी त्यांच्या पायांकडे बघत होतो. कोंबड्या फिरत होत्या अंगणात, त्यांचाच काय तो आवाज. एक शब्द, आणि मी कायमचा उघडा पडलो असतो. माझ्या बापासमोर. आणि तो शब्द त्यांचा हक्काचा होता.

"हां हां," म्हात्रेबाबा म्हणाले. "सांगलान ना. परवाच सांगलान. मीच बोललू, जाव दे." आणि आबांच्या काखेतली चादर ओढून घेत ओरडले, "आरं, यी काय फाटकी आनलीस! चल वर, च्या पी!"

दोघं ओटीवर गेले. दहा मिनिटांत विमानांवरून भांडण सुरू. करंजाड्यावरून विमानं जात नव्हती, तरी.

निघताना आबा रिक्षात बसले आणि बाबा माझ्या जवळ आले. चादरीचं एक टोक अजून हातात होतं. आबांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले, "दोन तासांची ना रं तुजी दिल्ली? मंग तू अजून उतरलास का नाय?"

मी हसलो. बाबांनी विनोद केला असं दाखवून मी हसलो, आणि रिक्षात बसलो.

दोघंही गेले आता. आधी म्हात्रेबाबा, मग दीड वर्षाने आबा. अख्ख्या वाशीने ज्याला खोटा ठरवून चिडवलं, तो माणूस माझ्यासमोर एकदाच खोटं बोलला, आणि ते माझ्यासाठी. टपरीवरच्या लोकांना मी हे कधी सांगितलं नाही. परवाच शेजारच्या मुलीने विचारलं, काका, दिल्लीला किती वेळ लागतो? मी खुर्चीत मागे टेकलो आणि म्हटलं, दोन तास. उडताना खाडीवर एक गिरकी घेतं, तेवढी सोडून.